डावीकडचा दीड इंच

आमच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या मुलांसाठी मी कार्यशाळा घेते: प्रबंध नीट कसा मांडावा. माझ्यासारखी ती अख्ख्या मैसुरात दुसरं कुणी घेत नाही. हे मीच सांगून टाकते, दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला मला वेळ नाही. संशोधन काय केलंत ते तुमच्या गाइडना सांगा. माझ्याकडे आलात की समास, ओळींमधलं अंतर, पानांचे क्रमांक आणि अनुक्रमणिका, बस्स. ‘यात काय शिकायचंय?’ असं म्हणत काही जण मागच्या बाकावर मोबाइल बघत बसतात. मग ऑफिसातला क्लार्क पानावर स्टीलची पट्टी ठेवून समास मोजतो आणि प्रबंध परत करतो, की हेच लोक धापा टाकत माझ्या दारात उभे.

डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक. माझे वडील शिंपी होते. कापड बेतताना शिवणीसाठी आत जास्तीचं सोडायचे, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, ‘ते दिसायला नाही हो, धरायला आहे.’ डावीकडचा समास मी मुलांना तसाच समजावते. तेवढा भाग बाइंडिंगमध्ये जातो, म्हणून तिथे अक्षर नको, रेघ नको, टिंबसुद्धा नको. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या कार्यशाळेला बन्नूरची एक मुलगी आली. मुलगी म्हणायची सवय, तशी लग्न होऊन सासरी नांदणारी. गुऱ्हाळांवर राबणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध, कानडीत लिहिलेला. मिळाली होती ती शेवटची मुदतवाढ. दसऱ्यानंतर ऑफिस उघडेल त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. हे तिनं मला आल्या आल्या सांगितलं, पदराच्या टोकाशी चाळा करत.

तिची फाइल उघडली आणि मी कपाळाला हात लावला. जागा सोडायची तर स्पेसबार, नवं पान हवं तर एंटर दाबत खाली खाली जायचं, पानांचे क्रमांक हातानं टाइप केलेले. मी डावा समास दीड इंच केला मात्र, सगळं कोसळलं. प्रकरणांची नावं पानाच्या तळाशी गेली आणि पानांचे क्रमांक मजकुराच्या मधोमध येऊन बसले.

‘अय्यो मॅडम, माझा प्रबंध!’ असं म्हणून ती रडायलाच लागली.

‘रडतेस काय? आधी त्या स्पेसबारवरचं बोट काढ,’ मी म्हटलं. माझं बोलणं असंच आहे. पण शेजारी बसून तिला सगळं दाखवलं: हे प्रकरणाचं नाव, हे उपशीर्षक, हा मजकूर, असं कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवायचं, मग क्रमांक आणि अनुक्रमणिका तो आपण होऊन करतो. पोरगी हुशार निघाली. एक प्रकरण तिनं माझ्यासमोर मार्गी लावलं, सुट्टीत बाकीची करते म्हणाली आणि बन्नूरची बस पकडायला पळाली. मीही निर्धास्त झाले.

खंडेनवमीला दुपारी तिचा फोन. आमचं बोलणं कानडीतच चालतं.

‘मॅडम, अर्धा प्रबंध झालाय. पण लॅपटॉप देवापाशी आहे.’

‘देवापाशी म्हणजे?’

‘सप्तमीला सरस्वती बसली ना. मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, पुस्तकांबरोबर लॅपटॉपही पूजेला ठेवला. आता उद्या विसर्जन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.’

माझा पारा चढला. आमच्याकडे नवरात्रात सरस्वती बसवली की ती उठेपर्यंत पुस्तक उघडत नाहीत, हे मला ठाऊक नाही का? पण प्रबंध? ‘तुझ्या सासऱ्यांना काही कळतं का? सून गेली खड्ड्यात, यांची पूजा आधी! तू जा, सरळ उचल आणि कामाला बस. मी सांगते म्हणून सांग. नाहीतर थांब, माझ्याच लॅपटॉपवर मी...’

इकडे माझ्या नवऱ्यानं जेवता जेवता नुसतं देवघराकडे बोट दाखवलं. तिथे वडिलांची मोठी कात्री, आईचं शिलाई मशीन आणि त्या दोघांच्या मध्ये माझा लॅपटॉप, वर झेंडूचं फूल. सकाळी माझ्याच हातानं ठेवलेला.

‘सुम्ने, उगीच कशाला ओरडतेस तिच्यावर?’ तो म्हणाला.

मी जन्मात खंडेनवमीला पूजेतल्या कात्रीला हात लावलेला नाही आणि वडिलांनाही लावताना पाहिलेलं नाही. ‘उद्या विसर्जन झालं की पहिल्या बसनं निघ आणि माझ्या घरी ये,’ एवढं म्हणून फोन ठेवला. रागानं आमटी गार होईपर्यंत घास उतरला नाही. तिच्या सासऱ्यांना चार शब्द सुनवायचे असं मी पक्कं ठरवून टाकलं.

विजयादशमीला सगळं मैसूर हत्तींची मिरवणूक बघायला राजवाड्याकडे लोटतं आणि बस जिथल्या तिथे अडकतात. आमचं घर हूटगळ्ळीला, बन्नूरहून यायचं तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती आली तेव्हा ऊन चढलं होतं. बरोबर सासरे होते. लॅपटॉप त्यांनी उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला होता. झाकणावर हळदकुंकू तसंच होतं.

लॅपटॉप टेबलावर ठेवू देण्याएवढाही धीर मला नव्हता. ‘अहो, सुनेची अख्खी मेहनत बुडाली असती. तिचाच लॅपटॉप सापडला तुम्हाला पूजेला ठेवायला?’

ते मुळीच वरमले नाहीत. ‘दरवर्षी पोरांची शाळेची पुस्तकं ठेवतो,’ म्हणाले. ‘यंदा घरात पुस्तक लिहिणारं माणूस आहे. तिचं नाही ठेवायचं, तर मग ठेवायचं कुणाचं?’

सुनवायचे ते चार शब्द कुठल्या कुठे गेले. ‘बसा, कॉफी आणते,’ म्हटलं आणि आत गेले. खरं सांगते, डोळे पुसायला गेले होते.

मग आम्ही कामाला लागलो. सासरे टीव्हीवर मिरवणूक बघत होते, आम्ही जेवणाच्या टेबलावर एकेक प्रकरण सरळ करत होतो. ती करायची, मी चुका काढायची. अंबारी राजवाड्याबाहेर पडली तेव्हा तिचं शेवटचं प्रकरण चाललं होतं. मग मी तिला अनुक्रमणिकेचं बटण दाबायला लावलं. सगळी प्रकरणं आपापल्या क्रमांकासकट खाली खाली उमटत गेली. ‘मामा, बघा!’ ती ओरडली, आणि ते टीव्हीवरचा हत्ती सोडून उठून आले.

रात्री दोघं आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्याच दिवशी, विद्यापीठाजवळच्या दुकानात दुपारपर्यंत प्रिंट निघाल्या. ऑफिसात क्लार्कनं बाइंडिंगआधीच पट्टी लावली. मी शेजारी हाताची घडी घालून उभी होते. त्यानं दोनतीन पानं मोजली, माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. ‘जा, बांधून आणा,’ म्हणाला.

बाइंडरच्या दुकानात गठ्ठे काउंटरवर ठेवले. तो पहिला गठ्ठा उचलणार, तेवढ्यात सासऱ्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि पहिल्या पानावर, अगदी डाव्या कडेला, बोटानं टिळा लावला. इवलासा, पण लालभडक.

मुलगी पांढरीफटक पडली. ‘मामा! तिथे काही चालत नाही! मॅडम, ते पान पुन्हा प्रिंट...’ घड्याळाकडे बघत ती दुकानातून पळायलाच निघाली. सासऱ्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चूक झाली का, असं विचारल्यासारखं.

मी तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि पान हातात घेतलं. कुंकू अगदी कडेला होतं, शिवणीच्या आत.

‘राहू दे,’ मी बाइंडरला म्हटलं. ‘तेवढं बाइंडिंगमध्ये जाईल.’