पेन्सिलीने खोडलेला सहा

मी हाताळलेल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र वेगळी राहिली. आणि तिच्यातल्या चोराचा चेहरा मला धड आठवतही नाही.

२००३चा उन्हाळा. ॲन आर्बरला इंजिनिअरिंग शिकायला आलेला मुलगा शेजारच्या डेट्रॉइटमध्ये पोलिसात शिरला, ही गोष्ट नागपूरच्या नातेवाइकांना तोवर पचलेली नव्हती. मी घरफोड्यांच्या तपासावर होतो. शहराचा बेसबॉल संघ त्या वर्षी इतका हरत होता, की मोठ्या थाटात बांधलेलं नवं स्टेडियम बरंचसं रिकामं असे. तरी खेळ या शहराच्या अंगात मुरलेला. जुने लोक सांगत, एके काळी संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं तरी एक चेंडू हुकायचा नाही, कारण प्रत्येक घराच्या पायऱ्यांवर रेडिओ असायचा. मोटारींच्या कारखान्यात एरवी एकमेकांकडे न पाहणारे गोरे आणि काळे कामगार काल कोण बाद झाला एवढ्यापुरतं बोलून घेत.

अशा शहरात जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून एका जुन्या खेळाडूच्या सहीचा चेंडू चोरीला गेला. साहेबांनी लगेच पत्रकार बोलावले आणि ‘शहराच्या वारशावर घाला’ असं जाहीर केलं. हा वारसा दोन तज्ज्ञांच्या मते अस्सल होता आणि तिसऱ्याच्या मते सही बनावट होती. पण पत्रकार परिषदेला तिसऱ्याला बोलावलं नव्हतं.

दुकान त्या दिवशी बंद होतं; मागचं दार फोडताच अलार्म वाजला होता. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या न्हाव्याने फोनवर खबर दिली: एक म्हातारा दर आठवड्याला येऊन तो चेंडू बघत उभा राहतो, आणि ‘माझा आहे, एक दिवस घेऊन जाईन’ असं ओरडूनही गेलाय.

म्हातारा चौऱ्याहत्तर वर्षांचा, कारखान्यातून निवृत्त. बायको गेल्यावर लहान घरात हलताना मुलीने सामान काढून टाकलं, त्यात चेंडूही गेला. मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला.

“काल दुपारी कुठे होता?”

“मॅचला. एकला सुरू झाली, संपेपर्यंत होतो.”

“एकटेच?”

“मित्र होते. नेहमीचे.”

“नावं सांगा.”

“त्यांना यात ओढू नका, डिटेक्टिव्ह. हे बघा, पुरावा.”

त्याने खिशातून स्कोअरकार्ड काढलं. इथले जुने शौकीन खेळ नुसता बघत नाहीत. पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतात. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. कोणी चेंडू अडवला, कोणाकडे फेकला, ते आकड्यांत लिहायचं. कॉलेजात मी क्रिकेटचा स्कोअरर होतो, त्यामुळे वही बघितली की माणूस कळतो. कार्ड सुरेख होतं. एकही चौकोन रिकामा नव्हता. मैदानात बसलेला माणूस कधीतरी हॉट डॉगच्या रांगेत उभा राहतोच; हा कुठेच उठला नव्हता. खाडाखोड एकच: चौथ्या डावात सहा खोडून पाच केलेला.

मी कार्ड जोडीदाराला दाखवलं. तो ड्यूटीवर गाडीत मॅच ऐकत असे. शिस्तीच्या दृष्टीने मी ते कधी पाहिलं नाही.

“अरे, ही चूक तर रेडिओवाल्याची!” तो म्हणाला. “चेंडू पाच नंबरने अडवला, हा सहा बोलला. मग थोड्या वेळाने सॉरी म्हणाला.”

मैदानात बसलेल्याने डोळ्यांनी पाच पाहिला असता. सहा लिहिणारा रेडिओपाशी होता. जबाब खोटा ठरला, साहेब खूश झाले. पण मी रेडिओ स्टेशनवरून ध्वनिफीत मागवली. चूक दोन वाजून आठ मिनिटांनी, दुरुस्ती दोन चौदाला. मधोमध, म्हाताऱ्याच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुकानाचं दार फुटलं. सकाळच्या वर्तमानपत्रावरून कार्ड उतरवलं असतं, तर त्यात चूक आलीच नसती. ज्या सहाने म्हातारा खोटारडा ठरला, त्यानेच तो निर्दोषही ठरत होता.

मी पुन्हा समोर बसलो.

“तुम्ही मॅचला नव्हता. घरी रेडिओ ऐकत होता.”

 तो म्हणाला, “करा माझ्यावर केस.”

“चेंडू घेतलात?”

“नाही. पण करा. फक्त मी घरी होतो हे मुलीला कळू देऊ नका.”

मुलगी सिॲटलजवळ राहायची. दर हंगामाला दोन-दोन तिकिटं पाठवायची, बाबांनी मित्राला घेऊन जावं म्हणून. बायको गेल्यावर तो एकदाच गेला होता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर एकाने न विचारता कोट ठेवला. त्यानंतर तो घरीच कार्ड भरायचा आणि रविवारी फोनवर मुलीला मॅचची गंमत सांगायचा, मित्रांसकट. घरी गेलो तेव्हा खणात सगळी तिकिटं होती, कोरी. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, “काल दुपारी? रोजच! भिंती हलतात त्याच्या रेडिओने.”

चेंडू आठवड्याभरात दुकानदाराच्याच मेहुण्याच्या गाडीत सापडला. साहेबांनी पुन्हा पत्रकार बोलावले.

म्हाताऱ्याला त्याआधीच सोडलं होतं. सुटताना त्याने विचारलं, “रिपोर्टमध्ये लिहावंच लागेल?”

“लिहावं लागेल. पण रिपोर्ट मुलीला जात नाही.”

त्याने मान हलवली आणि कार्ड परत मागितलं. पुरावा म्हणून ते फाइलला लागलं होतं. मी झेरॉक्स दिली. त्याने ती घडी न घालता नेली.

खोटं बोलणारा काहीतरी लपवतो, हे पोलिसाला पहिल्याच वर्षी कळतं. तो दरवेळी गुन्हाच लपवत नाही, हे कळायला मला अर्धी नोकरी लागली. तेव्हापासून खोटा जबाब मिळाला की मी आधी विचारायचो, घरी कोण असतं?

आता निवृत्त आहे. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे, रविवारी फोन करतो.

“बाबा, व्हॉट डिड यू डू धिस वीक?”

“मॅचला गेलो होतो,” मी सांगतो. “मित्र होते. नेहमीचे.”

मग स्कोअर सांगतो. तो बरोबर असतो.