भाऊबिजेला चिकटवलेली नोटीस

शरदमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कोर्टाबाहेर पत्रकं वाटत होते. नोटीस बजावणाऱ्यांना दरवर्षी खरं प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, खोटा अहवाल दिला तर परवाना रद्द करा... अशी ती पत्रकं. आईला म्हटलं, "उरलेली वाटून येते." रडू आलं नाही. महिना झाला, अजून आलेलं नाही. शोकसभेत जो उठला तो म्हणाला, देवमाणूस होता. कुणीतरी दुसरं बोलायला हवं, म्हणून लिहितेय.

देवमाणूस होताच, तीच तर अडचण. दोन हजार आठच्या मंदीत त्याची बांधकाम कंपनी बसली आणि तो आमच्या हॉलमध्ये राहायला आला; आम्ही तेव्हा आखातात, करामाला राहायचो. आईबरोबर भाजी निवडायचा, मला गणितं शिकवायचा. पुढे कोर्टाच्या नोटिसा पोचवणाऱ्या एका खाजगी कंपनीत लागला, वेगळी खोली घेतली. अल क्वोजच्या गोदामांपासून पार फुजैरापर्यंत हिंडायचा. काम सोपं होतं. माणूस भेटला तर कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. दार बंद असेल तर दारावर चिकटवून फोटो काढायचा. फोटो निघाला की कोर्टाच्या लेखी तुम्हाला कळलं, खलास.

मी दहा वर्षांची होते. भाऊबीज होती, आईनं ओवाळायचं ताट तयार ठेवलं होतं. बाहेर खुडबुड ऐकून मी दार उघडलं, तर मामा दारावरचा कागद सोलून काढत होता. "मामा, व्हॉट इज दॅट?"

"काही नाही गं बाळा, ऑफिसचं. यल्ला, चल आत, भूक लागलीय."

आत आला, ओवाळून घेतलं, दोनदा बासुंदी घेतली. बाबा समोर बसले होते. खिशातला कागद बाबांच्या नावाचा होता. घरमालकानं आम्हाला काढायला दावा लावला होता. बाबांकडे पुढच्या वर्षाचा सही झालेला करार होता, तारखेला जाऊन दाखवला असता की संपलं असतं. पण तारीख कुणाला माहीत? मामानं दाराचा फोटो जोडून अहवालात लिहिलं: घर बंद, नोटीस दारावर लावली. बाबा हजर नाहीत म्हणून निकाल मालकाच्या बाजूनं लागला. शाळेच्या मध्यावर आई आणि मी पुण्याला, बाबा अल क्वोजला सहा जणांच्या खोलीत. बाबा निवृत्त होईपर्यंत आम्ही तिघं एका घरात राहिलो नाही.

हे सगळं मला फार उशिरा कळलं, तेही त्याच्याच तोंडून. गेल्या वर्षी तो पुण्याला आला होता. मी त्या दिवशीच्या कागदाचं विचारलं, तर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "भाऊजींच्या हातात कोर्टाचा कागद कसा देणार होतो मी? तेही भाऊबिजेला? वाटलं, मालकाशी बोलून मिटवतो, इन्शाल्ला..."

"नात्यातल्या माणसाची नोटीस ऑफिसला परत करायची असते मामा. तुमच्या ट्रेनिंगच्या क्लासमध्ये हे शिकवत नव्हते?"

"शिकवत असतील. वर्षातून एक दिवस क्लास. आमच्यातला एक जाऊन बसायचा, सगळ्यांच्या सह्या ठोकायचा. त्या वर्षी माझी पाळी नव्हती." आणि हसला. सवयीनं हसला असेल, पण हसला.

मी म्हटलं, "बाबांना सांग."

"आता कशाला जखम उकरतेस? भाऊजी विसरलेत."

न सांगताच परत गेला. मग मीच सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "माझ्या हातात दिला असता तर मी काय त्याला मारलं असतं?"

भिडस्तपणा म्हणा, प्रेम म्हणा. माझ्या दृष्टीनं त्यानं खोटं लिहिलं, आणि ते पकडणारं कुणी नव्हतं. एका माणसाला आपली बाजू मांडायची होती, ती संधी गोड खाता खाता गेली.

आणि बाबा विसरलेले नाहीत. ते बाहेरून आले की किल्ली लावण्याआधी आमच्या दारावरून तळहात फिरवतात, चौकटीच्या वरपासून खाली कडीपर्यंत. तिथे काही नसतं. मग आत येतात. मामा गेल्याचं कळलं त्या संध्याकाळीही फिरवला... मी जिन्यात मागे उभी होते. त्या दिवशी जरा जास्तच वेळ फिरवला.