भाऊकाकाचा अंडरकट

आज भाऊकाकाला जाऊन वर्ष झालं आणि या वर्षभरात आमच्या घरात एकही गाडी धड पळाली नव्हती.

म्हणजे रेसची गाडी. टीव्हीवरची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊकाका आमचा घाटकोपरचा शेजारी, मूळ मालवणचा. तो आणि माझे बाबा साकीनाक्याच्या एकाच वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या लेथवर तीस वर्षं उभे होते. दोघांनाही इंजिनाचं वेड. रविवारी संध्याकाळी रेस असली की आमच्या सोफ्यावर दोघांचं ठाण.

मग काचबिंदूनं बाबांची नजर गेली. आधी एका बाजूनं, मग पूर्णच.

बाबा म्हणाले, हरकत नाही, ऐकेन. लहानपणी हॉकी मी रेडिओवरच बघितली.

पण टीव्हीवरचे कॉमेंटेटर!

इंग्लिशवाला हुशार, आवाज झकास, आणि ऐन वळणावर काय म्हणणार? "लुक अ‍ॅट दॅट!"

हिंदी लावलं तर "ये देखिए!"

बाबा विचारायचे, काय झालं? तोवर ते होऊन गेलेलं असायचं आणि कॉमेंटेटर कुठल्यातरी जुन्या ड्रायव्हरच्या गप्पांत रमलेले असायचे. समोरच्याला स्क्रीन दिसतोय हे धरूनच ती माणसं बोलतात. त्यांना दोष कसा देणार? पण बाबांचा चेहरा बघवायचा नाही.

चौथ्या रविवारी भाऊकाकानं रिमोट उचलला आणि आवाज पार बारीक केला. मागे इंजिनांची घरघर राहील, इतकाच.

"पवार, ऐक. काळो फुडे. तांबडो तेच्या मागे. दोगांमदी चार हात."

बस. त्या दिवसापासून आमच्याकडे रेस मालवणीत.

ड्रायव्हरची नावं नाहीत, फक्त रंग. सेकंद नाहीत, हात. आणि जगातला कुठलाही ट्रॅक असो, भाऊकाका तो उचलून बाबांच्या पायाखालच्या रस्त्यांवर आणून ठेवायचा. पहिलं वळण साकीनाक्याचा सिग्नल. बोगदा आला की अंधेरी सबवे. लांब सरळ रस्ता आला की एअरपोर्टचा रोड. अपघातानंतर सगळ्या गाड्यांना हळू नेणारी ती सेफ्टी कार? ती वरात.

"वरात निघाली, पवार. च्या पिऊन घे."

आणि मग तो अंडरकट.

लेथवाल्यांच्या भाषेत अंडरकट म्हणजे शाफ्टवर मारलेली खाच. रेसमध्ये त्याचा अर्थ वेगळा. समोरच्याच्या आधी पिटमध्ये जायचं, टायर बदलायचे आणि ताज्या टायरांवर जोरात पळून त्याच्या पुढे निघायचं. आता त्या बारीक आवाजातही कॉमेंटेटर सारखा "अंडरकट, अंडरकट" म्हणतोय आणि ऐकणारा भाऊकाका तीस वर्षं लेथवर. त्यानं काय समजायचं?

दोन वर्षं भाऊकाका बाबांना सांगत होता की गाडी पिटमध्ये जाते आणि तिथली माणसं दोन सेकंदांत शाफ्टवर अंडरकट मारून तिला परत पाठवतात.

बाबा गंभीरपणे विचारायचे, टूल कुठलं वापरतात रे?

भाऊकाका म्हणायचा, फॉरेनची मशीन पवार, आपल्याक काय कळतला.

एकदा मला राहवलं नाही. जिन्यात गाठून मी त्याला खरा अर्थ सांगितला. कानापर्यंत लाल झाला बिचारा. मग हळूच म्हणाला, "पवाराक सांगू नको हां, बाय. थंय आमचा म्हणान तेवढाच एक आसा." त्या फॉरेनच्या खेळात आम्हा लेथवाल्यांचं म्हणावं असं तेवढंच एक, असं त्याचं म्हणणं.

मी नाही सांगितलं. पुढच्या रविवारी परत अंडरकट, परत फॉरेनची मशीन.

गेल्या वर्षी तो गेला. झोपेतच, कोणाला त्रास न देता.

त्यानंतर एकदा मी कॉमेंट्रीचा प्रयत्न केला. स्क्रीनवर दिसेल ते भराभर वाचलं, नावं, सेकंद, टायरचा प्रकार, सगळं. पाच मिनिटांत बाबा म्हणाले, राहू दे गं, बंद कर. बंद म्हणजे बंदच झालं. रविवारी संध्याकाळी नुसते बसून राहायचे. आता हे कायमचंच, असं मला वाटायला लागलं होतं.

आज सकाळी शेजारी काकूकडे वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले, आज रेस आहे ना? लाव.

मी टीव्ही लावला, आवाज बारीक केला. मालवणी मला येत नाही, आव आणायचा नाही असं ठरवलं.

"बाबा, काळी पुढे. तांबडी मागे, चार हातांवर. साकीनाक्याच्या सिग्नलला पोचल्या."

बाबांनी मान वर केली. "सिग्नल तोडला का?"

"दोघींनी."

मग सुटले मी. सबवे, एअरपोर्ट रोड, मध्ये एक वरात, वरातीत दोघांचा चहा. तिसाव्या लॅपला तांबडी आत वळली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तांबडी पिटमध्ये. अंडरकट मारतेय."

बाबा शांतपणे म्हणाले, "टूल कुठलं?"

आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, तीस वर्षं लेथवर काढली मी. दोन सेकंदांत शाफ्ट चकच्या पकडीत तरी बसतो का? पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पण भाऊ इतका रंगात आला होता. कशाला तोडायचं त्याला?"

भाऊकाकालाही खरा अर्थ कळला होता, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. जिन्यातलं वचन आहे.

भाऊकाका, काळी जिंकली. तांबडी दुसरी आली, दोन हात कमी पडले.

पुढच्या रविवारचं बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय.

तुझी खूप आठवण येते रे. नीट जा. आणि तिथे कोणी अंडरकटचा अर्थ विचारला तर तुझाच सांग.