अण्णांची कच्ची कॉफी

२००३ साल. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. भद्रकालीच्या बाजारात माझी चणे-फुटाण्यांची भट्टी, आणि माझ्याच भट्टीपाशी मला गप्प बसवणारा माणूस एकच होता. अण्णा.

माझे चणे दुपारी संपले की अण्णा आपली कढई घेऊन यायचे. कॉफीच्या बिया टाकल्या की डोळे मिटून कान लावायचे आणि हात वर करायचे. समोरचा सायकलवालासुद्धा हातोडी थांबवायचा. बिया तडतडायला लागल्या न लागल्या की मला ओरडायचे, "उतरव!"

मी म्हणायचो, "अण्णा, काय म्हणते कढई? भाकर मागते का?"

"म्हणते, या शेठचं तोंड बंद कर."

ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा चिकमगळूरकडचा माणूस. तिकडे भावाची कॉफीची लहानशी बाग. भाऊ फळं सालीसकट उन्हात वाळवायचा, मग बी काढून धाडायचा. अण्णा भाजून पाच-पंचवीस घरांत द्यायचे. मला दहादा म्हणाले, "एक घोट घे." मी घेतला नाही. बिनदुधाचं पाणी कोण पितो?

आणि रंग तरी काय! भाजलेल्या बिया दालचिनीसारख्या फिक्या. माझं शिक्षण तिसरी, पण भाजणं मला कोणी शिकवलं नाही, मी कोणाला विचारलंही नाही. कच्चा माल मला लांबून दिसतो.

आदल्या वर्षी भाऊ वारला, त्या वर्षी बागही विकली गेली. शेवटची गोणी आली. अण्णांनी चार दुपारी बसून ती भाजली आणि माझ्या दुकानात ठेवली. म्हणाले, "आठ दिवस मुरू दे. मी वहिनीला घेऊन येतो. वर्षश्राद्धाला सगळ्यांना पाजू." वहिनीसाठी एक डबा भरून गाडीत बसले.

मी गोणी उघडून बघितली. तीच फिकी. म्हटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. श्राद्धाला माणसं येणार, कच्चं पिणार, आणि म्हणणार, याच्या भट्टीवरची. मी वाळू तापवली आणि सगळी गोणी पुन्हा भाजली. काळीभोर, तेल सुटेस्तोवर. चाळून, बांधून ठेवली. शाबासकीची वाट बघत बसलो, खोटं कशाला बोलू.

अण्णा आले, मागे वहिनी. गोणीचं तोंड सोडलं. वहिनींनी एक बी उचलून हुंगली, परत टाकली आणि गोणीचं तोंड होतं तसं बांधलं.

अण्णा ओरडले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी वहिनींच्या पिशवीतून तो डबा काढला, तळाशी उरलेल्या बिया कुटल्या, माझ्याच चुलीवर पाणी ठेवलं, आणि कप माझ्या हातात दिला. "आता तरी पी."

प्यायलो. करवंद! हरसूलच्या डोंगरात लहानपणी पानाच्या द्रोणातून खायचो, तसं पिकलेलं करवंद.

"अण्णा, यात काय घातलंत?"

"मी काही घातलं नाही," अण्णा म्हणाले. "तू त्या गोणीतलं काढून टाकलंस."

मला बसायला जागा सापडेना. घरी जाऊन जेवलो नाही. जिभेवर करवंद तसंच होतं, आणि ते आता जगात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली नाही. कढई राखेनं घासली, सुपात शेरभर चणे घेतले आणि अण्णांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "कॉफी तर संपली. चण्यावर शिकवा. कधी थांबायचं, तेवढंच."