दीपमालाचं दोन पानांचं उत्तर

इस्लापूरची दीपमाला एमएस्सी फिजिक्सला नांदेडला आली, तेव्हा वर्गात अकरा जण होते. क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरसाठी बाकीच्यांनी गाईडमधले वीस प्रश्न पाठ करायला घेतले. दीपमालाला मात्र एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन कधीकधी पलीकडे सापडतो, तो कसा?

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मंजुश्री मॅडमना तिनं एका दुपारी गाठलं. दोघी तीन तास फळ्यापुढं उभ्या होत्या. गाईडमध्ये भिंतीच्या डाव्या कडेपासून मोजत चार पानं गणित होतं. दीपमालानं भिंतीच्या मधोमध शून्य धरलं, आणि तेच उत्तर दोन पानांत आलं.

मॅडमनी दोनदा तपासलं. "बरोबर आहे गं. मला हे कधी सुचलं नव्हतं."

दीपमाला ऑटोत बसून रूमपर्यंत एकटीच हसत गेली.

परीक्षेत तोच प्रश्न आला. तिनं आपल्या रीतीनं लिहिलं आणि तीन गुणांनी नापास झाली. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, तर दोन्ही पानांवर लाल तिरपी रेघ. शेरा काहीच नाही. पुनर्मूल्यांकनातही 'बदल नाही' एवढंच आलं.

तोवर मॅडमची नेमणूक संपली होती. त्या उदगीरला घरी परतल्या होत्या. दीपमालानं फोन केला.

"मॅडम, माझं उत्तर बरोबर आहे असं लिहून द्याल का?"

मॅडम म्हणाल्या, "बरोबरच आहे. पण मी आता कुठंच शिकवत नाही, माझं कोण वाचणार? या वेळी गाईडमधलं लिही."

तिनं तेच केलं. सहा महिने ती चार पानं घोकली. मधेच अर्थाकडं मन गेलं की पाठांतर अडायचं, म्हणून अर्थ बाजूला सारायला शिकली. पास झाली. निकालाच्या दिवशी तिनं आपली रीत पुन्हा मांडून पाहिली, तर तिसऱ्या ओळीपुढं काही सुचेना. तासभर ती कागदाकडं बघत राहिली.

वडील शेषेराव पेढे घेऊन आले. "पास झालीस ना? मंग कामून तोंड पाडून बसलीस?"

"काई न्हाई, बाबा. लई थकले."

आता ती लातूरला एका क्लाससाठी नीटच्या सराव प्रश्नपत्रिका काढते. यंदा पीएचडीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली. तिला ते चार दिवसांनी कळलं, आणि तिनं पुढचा प्रश्न टाईप करायला घेतला.