गिरणेचा पूल ओलांडला की निवळणारं पाणी

आधीच सांगून ठेवतो, मी केमिस्ट्रीचा बीएस्सी. भूतबाधा, उतारे, अंगात येणं... असल्या गोष्टींना आमच्या घरात हसणारा मी एकटाच. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

जळगावच्या एका प्रयोगशाळेसाठी मी पाण्याचे नमुने गोळा करतो. एरंडोल तालुक्यातलं एक गाव, नाव मुद्दाम देत नाही. गावाला खेटून शहराचा कचरा डेपो. पाऊस झाला की डेपोतलं काळं पाणी झिरपून गावच्या विहिरीत उतरतं. पाणी पिवळट, कुजका वास, पोरांच्या अंगावर फोड. आमचा रिपोर्ट खराब आला तरच गावाला टँकर मिळणार आणि डेपो हलवायचा विषय निघणार. काम एवढंच होतं.

पहिल्या वेळी विहिरीवर पाण्यातले क्षार मोजायचा मीटर लावला, आकडा चांगलाच चढलेला. बाटली भरली, सील केली, बर्फाच्या पेटीत ठेवली. जळगावात पेटी उघडली तर पाणी नितळ. रिपोर्ट आला — पिण्यायोग्य. पुढच्या वेळी तेच. ड्रायव्हरच बाटल्या बदलतोय असं मी ठरवून टाकलं आणि त्याला नको ते बोललो. मग पेटीच नको म्हणून बाटली स्वतःच्या मांडीवर घेऊन बसलो. भर दुपारचं ऊन. बांभोरीजवळ गिरणा नदीचा पूल ओलांडला आणि माझ्या डोळ्यांदेखत पाण्याचा पिवळेपणा उतरत गेला... गाळ बसला असेल, म्हणाल. अहो, गाळ बसला तर तळाशी दिसेल ना? आणि वास कुठे जाऊन बसला?

गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. विहिरीजवळच घर असलेल्या एक म्हाताऱ्या अक्का मला बघताच म्हणाल्या, "तुम्हना कागदमा पानी चांगलं शे ना भाऊ? मंग तुम्हीच प्या. आठे म्हैस बी तोंड लावत नही."

त्यांची सून पोटुशी. दुसरं पाणी लांबून आणायचं आणि ओझं तर उचलायचं नाही, म्हणून ती हेच पाणी उकळून पीत होती. मी पुलावरचा प्रकार सांगून टाकला. वाटलं, आता शिव्या बसणार. पण अक्का म्हणाल्या, "मी येस संगे. बाटली मन्हा हातमा राही."

जीपमध्ये त्या बाटली पदराखाली घट्ट धरून बसल्या. पूल आला, गेला. मी पुन्हा पुन्हा पदर सरकवून बघायला लावत होतो. पाणी पिवळंच. प्रयोगशाळेच्या काउंटरवरच्या साहेबांनी तर वासाने नाकाला रुमाल लावला, आणि तो रुमाल बघून मला जो आनंद झाला, तो सांगता येणार नाही.

"ठेवा अक्का इथे," ते म्हणाले.

अक्कांनी बाटली ठेवली. हात काढला... आणि पाणी निवळलं. आम्हा तिघांसमोर.

साहेबांनी हळूच रुमाल खिशात घातला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आत्ता बघितलंत ना?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "समोर जे आहे तेच मी तपासायला पाठवणार. दुसरं काय पाठवू?"

अक्का बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मंग भाऊ, बठ्ठं गाव आठेच आनी ठेवूत का?" सगळं गावच इथे आणून ठेवायचं का, असं.

रिपोर्ट पुन्हा चांगला आला. टँकर नाही, डेपो आहे तिथेच. ज्यांना सांगितलं त्यातले अर्धे मला वेड्यात काढतात आणि अर्धे हात जोडून चमत्कार म्हणतात. हात जोडणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. पाणी शुद्ध करणारी कुठली शक्ती असलीच, तर तिला विहीर का सापडत नाही?

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. अक्कांच्या सुनेला दिवस भरत आलेत, आणि ती अजून तेच पाणी पितेय.