गावच्या जावयाने भरलेला फॉर्म

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, माफ करा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वसईकडच्या एका पोलीस ठाण्यात मी बावीस वर्षं झाडलोट केली. तिथली बरीच प्रकरणं विसरले, हे एक अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यातली तक्रारदार माझी धाकटी जाऊ होती.

माझे दीर सातिवलीच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला, हातात चार लाख आले. ते मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवायचे होते. वसईतच एव्हरशाईन भागात गुंतवणूक सल्लागाराचं ऑफिस होतं, तो आमच्या गावचा जावई. म्हणाला, "मामी, एकदाच भरा, तीन वर्षांनी वाढवून घ्या." जावेने कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. गावच्या जावयाला आमच्याकडे पापलेट वाढतात, पावती मागत नाहीत.

तीन वर्षांनी तो फोन उचलेना. ऑफिसात गेली तर तासभर बाहेर बसवून म्हणाला, "तुम्हाला नाही कळणार त्यातलं."

"पैशाचं दुःख आहेच," जाऊ मला म्हणाली, "पन त्याने मला येडी समजलं ना!"

ठाण्यात हवालदारांनी सांगितलं, "बाई, सह्या तुमच्याच. ही दिवाणी बाब, कोर्टात जा." ती उठली. ठाण्याच्या मोठ्या साहेबांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी झाडू दाराशी टेकवून आत गेले. "साहेब, अर्ज तरी घ्या."

साहेबांनी अर्ज घेतला, पैसे जमा झालेल्या कंपनीकडून कागद मागवले. ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी निघाली. दुसरा हप्ता न भरल्याने बंद पडलेली.

जावई चौकशीला कडक इस्त्रीत आला. "साहेब, दरवर्षी भरायचं हे मी सांगितलं होतं. कंपनीचे मेसेजही गेले. मामींनी लक्ष दिलं नाही."

जावेने माझ्याकडे पाहिलं. मी टेबल पुसत होते, फडकं ठेवून म्हणाले, "साहेब, ही गॅसचा मेसेज आला तरी माझ्याकडून वाचून घेते. हप्त्याचा आला असता तर दाखवला नसता? फॉर्मवर फोन कुणाचा आहे?"

साहेबांनी तो नंबर लावला. जावयाच्या खिशात फोन वाजला.

त्याच्याकडेच पैसे भरलेल्या गावातल्या आणखी दोघींचे कागद आणले. तोच नंबर. गुन्हा दाखल झाला, जबाब झाले.

"मामी, घरातलं घरात मिटवू," तो हळूच म्हणाला.

"घरातलं होतं तेव्हा दाराबाहेर बसवलंत. आता हितंच बोला," जाऊ म्हणाली.

ठाण्यात मी फसलेली माणसं खूप पाहिली. नफा कमी मिळाला म्हणून येणारे थोडे. विचारायला गेल्यावर झिडकारलं, खरं लपवलं, यानेच सल्लागारावरून मन उठतं. आपलंही चुकतं, भिडेपोटी आपण विचारत नाही. मी स्वतः लाजरी, म्हणून ठासून लिहिते: सही करण्याआधी विचारा, समोर जावई असला तरी.

जामिनाची वेळ आली, पैसे परत केल्याशिवाय सुटणं कठीण दिसलं, तेव्हा त्याने ऑफिसचा गाळा विकायला काढला. निम्मे घ्या नि तक्रार मागे घ्या, असा निरोप आला. जाऊ हटली नाही. नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस होते, तेव्हा गाळ्याच्या पैशातून तिच्या खात्यात चार लाख पूर्ण जमा झाले. त्याच आठवड्यात त्या दोघींचेही.